‘सयाजीराव’ नावाचा अश्व : मैदान, वंशावळ आणि खजिना

प्रस्तावना

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, किंबहुना संपूर्ण विदर्भात, शंकरपट ही ग्रामजीवनाची परिचित गोष्ट आहे. सुगीनंतर पट भरतो, जोड्या सुटतात आणि घड्याळावर सेकंदांचा हिशेब लागतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. या काळात गावोगाव जी चर्चा झाली तीत एक प्रश्न वारंवार येत असे : पटावर धावतो बैल, पण जिंकतो कोण? बैल, धुरकरी, मालक की त्यामागचा पैसा?

हाच प्रश्न घोड्यांच्या शर्यतीला लावून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे आहे. १९४७ साली इंग्लंडमधील ‘सेंट लेजर’ ही अत्यंत प्रतिष्ठेची शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचे नाव ‘सयाजीराव’ असे होते. त्याचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड आणि घोड्याला दिलेले नाव त्यांच्या आजोबांचे, म्हणजेच महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचे होते.

लेखाची उद्दिष्टे

१) थरोब्रेड जातीच्या अश्वाची कारकीर्द कशी घडते हे समजावून घेणे.
२) ‘सयाजीराव’ या अश्वाच्या कारकिर्दीचा क्रमवार आढावा घेणे.
३) या यशामागील वंश आणि धन या दोन घटकांचे मूल्यमापन करणे.

असे मूल्यमापन करताना तीन वह्या समोर ठेवाव्या लागतात, अशी या लेखाची भूमिका आहे. पहिली वही मैदानाची, दुसरी वंशावळीची आणि तिसरी खजिन्याची. क्रीडेतिहासात बहुधा पहिल्या दोन वह्याच उघडल्या जातात.

थरोब्रेड म्हणजे काय?

थरोब्रेड ही शर्यतीसाठी इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत विकसित केलेली घोड्यांची जात होय. पौर्वात्य देशांतून आणलेले नर आणि स्थानिक घोड्या यांच्या संकरातून ती निर्माण झाली. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीनपैकी एका मूळ नराकडे जाते. १७९१ पासून या जातीच्या वंशावळीची नोंदवही इंग्लंडमध्ये छापली जाऊ लागली. ज्याच्या आईबापांची नोंद नाही तो कितीही वेगवान असला तरी थरोब्रेड ठरत नाही. म्हणजे या क्षेत्रात जन्माची नोंद ही प्रवेशाची पहिली अट आहे.

दुसरी अट वयाची. उत्तर गोलार्धात जन्मलेल्या प्रत्येक थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. इंग्लंडमधील पाच ‘क्लासिक’ शर्यती केवळ तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. नर घोड्याच्या दृष्टीने त्यांपैकी तीन महत्त्वाच्या : सुमारे १,६०० मीटरची ‘टू थाउजंड गिनीज’, सुमारे २,४०० मीटरची ‘डर्बी’ आणि सुमारे २,९०० मीटरची ‘सेंट लेजर’. यांपैकी सेंट लेजर सर्वांत जुनी असून ती १७७६ मध्ये डॉनकास्टर येथे सुरू झाली. वसंतापासून सप्टेंबरपर्यंतच्या एकाच हंगामात या तिन्ही पार पडतात. विद्यार्थ्याला परीक्षेची दुसरी संधी मिळते, घोड्याला क्लासिकची मिळत नाही.

अंतर वाढत जाते, तशी गुणांची मागणीही बदलते. पहिल्या शर्यतीत वेग लागतो, तिसरीत दम लागतो आणि डर्बीत दोहोंचा मेळ लागतो. ‘सयाजीराव’ची कारकीर्द समजून घेण्यासाठी हे सूत्र ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जन्म आणि खरेदी

‘सयाजीराव’चा जन्म १९४४ चा. त्याचा पिता नियार्को. इटलीतील थोर अश्वप्रजनक फेदेरिको तेसिओ यांनी तयार केलेला हा घोडा चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ मध्ये तो साठ हजार पौंडांना इंग्लंडमध्ये विकला गेला. ‘सयाजीराव’ची आई रोझी लेजंड ही फ्रान्समध्ये जन्मलेली घोडी होती. याच जोडीचा आधीचा मुलगा, म्हणजे ‘सयाजीराव’चा सख्खा थोरला भाऊ, दान्ते. एक वर्षाचा असताना लिलावात अपेक्षित बोली न आल्यामुळे दान्ते प्रजनकाकडेच राहिला होता. त्याच दान्तेने १९४५ ची डर्बी जिंकली. युद्धामुळे ती डर्बी एप्सम येथे न होता न्यूमार्केट येथे झाली होती.

भावाच्या या विजयाचा परिणाम धाकट्याच्या किमतीवर झाला. १९४५ मध्ये एक वर्षाच्या या शिंगराला प्रतापसिंहरावांनी २८,००० गिनी देऊन विकत घेतले. इंग्लंडमधील लिलावात एकवर्षीय शिंगराला मिळालेली ती तोपर्यंतची विक्रमी किंमत होती. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्या हिशेबाने ही रक्कम २९,४०० पौंड होते आणि रुपयाच्या तत्कालीन एक शिलिंग सहा पेन्स या दराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होतात. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हा पैसा ज्याच्यावर लावला गेला ते शिंगरू तोपर्यंत एकही शर्यत धावलेले नव्हते. खरेदी झाली ती केवळ वंशावळीच्या भरवशावर.

प्रतापसिंहरावांना शर्यतीचा नाद इंग्लंडात लागला असे नव्हे. १९४३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर पहिली ‘इंडियन डर्बी’ झाली. ती जिंकणारी ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी त्यांचीच होती आणि तिच्यावर स्वार होता ऑस्ट्रेलियन जॉकी एडगर ब्रिट. युद्ध संपताच महाराजांनी इंग्लंडमध्ये मोठी पागा उभी केली. न्यूमार्केटजवळची ‘वॉरन प्लेस’ ही मालमत्ता घेतली, सॅम आर्मस्ट्राँग यांची प्रशिक्षक म्हणून योजना केली आणि ब्रिट यांनाही तिकडे नेले. ‘सयाजीराव’ मैदानात उतरला तो अशा सर्व सिद्धतेनिशी.

पहिली वही : मैदान

१९४७ च्या हंगामातील पहिली मोठी परीक्षा टू थाउजंड गिनीजची होती. तीत ट्यूडर मिन्स्ट्रेल या घोड्याने तब्बल आठ लांबींनी विजय मिळविला. (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतचे अंतर, अदमासे अडीच मीटर.) ‘सयाजीराव’ तिसरा आला. वेग ही त्याची मुख्य शक्ती नव्हे, हे येथेच दिसले. त्यानंतर लिंगफील्ड येथील डर्बीपूर्व चाचणी शर्यत त्याने जिंकली.

जूनमधील डर्बीत सर्वांचे लक्ष ट्यूडर मिन्स्ट्रेलवर होते. परंतु वाढलेले अंतर त्याला झेपले नाही आणि तो चौथा आला. पर्ल डायव्हर या फारशा कोणी मनात न धरलेल्या घोड्याने शर्यत जिंकली. आगाखान यांचा मिगोली दुसरा आणि ‘सयाजीराव’ तिसरा. म्हणजे सुमारे १,६०० मीटरवर ज्याने ‘सयाजीराव’ला सहज मागे टाकले होते, तोच २,४०० मीटरवर त्याच्या मागे राहिला. घोडे तेच, क्रम मात्र उलटा. गुणवत्ता ही कसोटीच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे या दोन निकालांइतके स्वच्छपणे क्वचितच दिसते.

त्याच उन्हाळ्यात ‘सयाजीराव’ने आयर्लंडमधील करा मैदानावर आयरिश डर्बी जिंकली. मग आला सप्टेंबर आणि डॉनकास्टरची सेंट लेजर. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते. समोर डर्बीतला प्रतिस्पर्धी मिगोली होता आणि फ्रान्सचे मार्सेल बुसाक यांचा आर्बार होता. सुमारे २,९०० मीटर धावून झाल्यावर ‘सयाजीराव’ आणि आर्बार यांच्यात अंतर उरले ते केवळ एका डोक्याचे. ‘सयाजीराव’ जिंकला आणि मिगोली तिसरा आला. स्वार अर्थात एडगर ब्रिट.

हा विजय किती मोलाचा होता, हे पराभूतांच्या पुढील कामगिरीवरून कळते. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, आर्बारने ॲस्कॉट गोल्ड कप जिंकला, तर मिगोलीने पॅरिसची ‘प्री द लार्क द त्रियोंफ’ ही युरोपातील अग्रगण्य शर्यत जिंकली. या दोघांना एकाच दिवशी मागे टाकणारा घोडा सामान्य असू शकत नाही. ‘सयाजीराव’ने स्वतः १९४८ मध्ये रॉयल ॲस्कॉट येथील हार्डविक स्टेक्स जिंकून आपली कारकीर्द अधिक भक्कम केली.

पहिल्या वहीचा निष्कर्ष असा : ‘सयाजीराव’ अजिंक्य नव्हता. दोन मोठ्या शर्यतींत तो तिसरा आला. परंतु अंतर वाढेल तसा तो सुधारत गेला आणि सर्वांत लांब क्लासिक त्याची ठरली. त्याच्या यशाचे वर्णन एका शब्दात करायचे तर तो शब्द ‘दम’ हाच होय.

दुसरी वही : वंशावळ

थरोब्रेडच्या बाबतीत मैदान सोडणे म्हणजे निवृत्ती नव्हे. नामवंत नराची आर्थिकदृष्ट्या मोठी कारकीर्द खरे तर त्यानंतरच सुरू होते. त्याच्याकडे घोड्या आणल्या जातात, त्याबद्दल शुल्क घेतले जाते आणि त्याच्या संततीच्या यशावर ते शुल्क चढते किंवा उतरते.

‘सयाजीराव’ने आपला गुण पुढे दिला. त्याची कन्या ग्लॅडनेस हिने १९५८ मध्ये ॲस्कॉट गोल्ड कप ही लांब पल्ल्याची शर्यत जिंकली. दुसरी कन्या लिंक्रिस १९६० मध्ये आयरिश ओक्सची मानकरी ठरली. पुत्र इंडियाना याने १९६४ मध्ये, पित्यानंतर सतरा वर्षांनी, तीच सेंट लेजर जिंकली. तिघांचेही यश दीर्घ किंवा मध्यम-दीर्घ अंतराचे आहे, ही गोष्ट सूचक होय.

याच पागेतील दुसऱ्या घोड्याशी तुलना केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ‘माय बाबू’ हा १९४५ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला घोडा आरंभी ‘लेरॅन्स’ या नावाने धावला. १९४८ ची टू थाउजंड गिनीज त्याने चार्ली स्मर्क यांच्या स्वारीखाली विक्रमी वेळेत जिंकली. डर्बीत मात्र तो चौथा आला. त्याचा गुण वेगाचा होता आणि तोच त्याच्या वंशात उतरला. त्याचा पुत्र ‘अवर बाबू’ याने १९५५ मध्ये तीच शर्यत जिंकली. पुढे ‘माय बाबू’ अमेरिकेत केंटकी येथे गेला. त्याच्या ‘केरला’ नावाच्या कन्येपोटी जन्मलेला दमॅस्कस १९६७ मध्ये अमेरिकेतील वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. अशा प्रकारे भारतीय नावे जगाच्या वंशावळीत आजही टिकून आहेत. ती वाचणाऱ्या किती जणांना त्यांचा अर्थ कळत असेल, हा प्रश्न वेगळा.

वॉरन प्लेसची कथाही येथेच नोंदविली पाहिजे. महाराजांच्या हातून ती वास्तू गेली. पुढे नोएल मर्लेस आणि नंतर हेन्री सेसिल या विख्यात प्रशिक्षकांची ती कर्मभूमी झाली. २०१० ते २०१२ या काळात चौदापैकी चौदा शर्यती जिंकणारा फ्रँकेल याच पागेत तयार झाला. फ्रँकेलची पितृपरंपरा मागे नेली तर ती नियार्कोपर्यंत, म्हणजे ‘सयाजीराव’च्याच पित्यापर्यंत जाते.

तिसरी वही : खजिना

आतापर्यंतचा वृत्तान्त अभिमानास्पद वाटेल. परंतु ज्या नावाने तो लिहिला गेला त्या नावाचा अर्थ लक्षात घेता तिसरी वही उघडणे भाग आहे.

महाराज सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक जाऊन ते बडोद्याच्या गादीवर आले. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रायोगिक स्वरूपात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभी राहिली. १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर हे तरुण पदवीधर कोलंबिया विद्यापीठात गेले. ही शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे अशी होती.

येथे एक साधा गुणाकार करून पाहावा. साडेअकरा पौंड दराने छत्तीस महिन्यांचे होतात ४१४ पौंड. ‘सयाजीराव’ या शिंगराची किंमत २९,४०० पौंड. भागाकार एकाहत्तर येतो. १९१३ आणि १९४५ यांच्या दरम्यान महागाई वाढली होती हे खरे. पौंडाचे मोल एकतृतीयांशावर आले असे धरले तरी भागाकार तेविसाच्या खाली जात नाही. एका न धावलेल्या शिंगराच्या किमतीत किमान तेवीस विद्यार्थी समुद्रापलीकडे तीन वर्षे शिकू शकले असते. ज्या आजोबांच्या शिष्यवृत्तीवर एक विद्यार्थी गेला आणि त्याने पुढे देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले, त्याच आजोबांचे नाव घोड्याला मिळाले.

अर्थात, दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. उत्तम वंशाचा नर घोडा हा केवळ खर्च नसतो, ती गुंतवणूकही असते. शर्यतीचे बक्षीस, पुढील प्रजनन शुल्क आणि विक्रीचे मूल्य यांतून पैसा परत येऊ शकतो. क्लासिक जिंकणाऱ्या ‘सयाजीराव’च्या बाबतीत हा जुगार फसला असे म्हणता येणार नाही. म्हणून आक्षेप घोड्याच्या किमतीला नाही. खरा प्रश्न असा की, जोखीम कोणाच्या पैशावर घेतली आणि लाभ कोणाच्या पदरात पडणार होता? राजाचे खानगी खाते आणि राज्याची तिजोरी यांतील रेषा पुसट असेल, तर तोटा रयतेचा आणि करंडक महाराजांचा अशी वाटणी होते.

ही शंका केवळ तात्त्विक नव्हती. १९४८ मध्ये बडोद्यात डॉ. जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली लोकप्रतिनिधींचे मंत्रिमंडळ आले आणि राज्याच्या गंगाजळीतून महाराजांनी काढलेल्या मोठ्या रकमांचा प्रश्न ऐरणीवर आला. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाविरुद्ध महाराजांनी पुढे ज्या हालचाली केल्या त्यांमुळे एप्रिल १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि पुत्र फत्तेसिंहराव यांना ती दिली. प्रतापसिंहरावांचे निधन १९६८ मध्ये लंडन येथे झाले.

तथापि, त्यांच्यावर एकतर्फी निकाल देणे इतिहासाला धरून होणार नाही. विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल १९४९ रोजी, बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ अस्तित्वात आले. आजोबांचा संकल्प पूर्ण करणारे हे कार्य प्रतापसिंहरावांच्याच काळात आणि त्यांच्याच पुढाकाराने झाले. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. म्हणजे एकाच माणसाने एकच नाव दोन ठिकाणी दिले : एक घोड्याला आणि दुसरे विद्यापीठाला.

निष्कर्ष

१) थरोब्रेडची कारकीर्द ही त्याच्या स्वतःच्या धावण्यापुरती मर्यादित नसते. जन्मापूर्वीची निवड, बाल्यातील खरेदी, प्रशिक्षक, स्वार आणि मैदानानंतरचे प्रजनन या सर्वांची ती बेरीज असते.

२) ‘सयाजीराव’चे मैदानावरील यश निर्विवाद आहे. १९४७ ची आयरिश डर्बी व सेंट लेजर आणि १९४८ ची हार्डविक स्टेक्स हे त्याचे पुरावे होत. त्याचा दम हा गुण संततीतही उतरला.

३) वंशावळ ही हमी नसून शक्यता असते. त्याच आईबापांचा दान्ते लिलावात मागे राहिला आणि डर्बी जिंकून गेला, तर विक्रमी किमतीचा ‘सयाजीराव’ डर्बीत तिसरा आला. बाजाराचा अंदाज आणि मैदानाचा निकाल यांत अंतर राहतेच.

४) यशाचे मूल्यमापन करताना साधनसामग्री कोणाची होती, हे विचारल्याशिवाय मूल्यमापन पूर्ण होत नाही.

समारोप

घोड्याला स्वतःचे नाव निवडता येत नाही, मालकही निवडता येत नाही. डॉनकास्टरच्या त्या दुपारी ‘सयाजीराव’ आपल्या परीने प्रामाणिकपणे धावला आणि आर्बारपेक्षा एक डोके पुढे राहिला. त्याच्या वाट्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. खजिन्याच्या वहीतील जमाखर्चाचे उत्तर त्याच्याकडे मागता येणार नाही.

मात्र आपण अध्यापक मंडळी रोज याच प्रश्नाच्या जवळ वावरत असतो. गुणवत्ता यादीतील नावे आपण अभिमानाने फलकावर लावतो. त्या यादीतील विद्यार्थी कोणत्या घरातून आला, त्याच्या शिकवणीवर किती खर्च झाला आणि तेवढ्याच दमाचा दुसरा एखादा आपल्या जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी शुल्काअभावी थांबला का, ही तिसरी वही आपणही क्वचितच उघडतो. शर्यतीच्या इतिहासात ‘सयाजीराव’ हे नाव एका विजेत्याचे आहे. शिक्षणाच्या इतिहासात तेच नाव, ज्याच्या वंशावळीची कोठेही नोंद नव्हती अशालाही धावण्याची संधी देणाऱ्या राजाचे आहे. या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे आपल्या कामाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.